लिनक्सवर वायफाय चालत नाही? खालून वर शोधत या

नवं लिनक्स बसवलं, डेस्कटॉप उघडला, आवाजही येतोय, पण वरच्या पट्टीत वायफायचं चिन्हच नाही. किंवा चिन्ह आहे आणि नेटवर्कची यादी रिकामी आहे. अशा वेळी शोधून जी पहिली आज्ञा सापडेल ती टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवायची, ती चालली नाही की दुसरी, मग तिसरी, असा मोह होतो. थोड्या वेळाने मूळ बिघाड कुठला आणि आपण नव्याने घातलेला कुठला, हेच वेगळं काढता येत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की आधी काहीही बदलू नका, फक्त पाहा.

वायफाय चालण्यासाठी बऱ्याच गोष्टी एकामागोमाग जुळाव्या लागतात. कार्ड मदरबोर्डला किंवा यूएसबीला दिसलं पाहिजे. कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कार्यक्रम) हवा. त्या ड्रायव्हरला कार्डात भरायचं फर्मवेअर मिळायला हवं. रेडिओ बंद केलेला नसावा. नेटवर्कमॅनेजरने (जोडण्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमाने) कार्ड ताब्यात घेतलेलं असावं. मग पासवर्ड, मग राउटरकडून मिळणारा आयपी पत्ता, आणि शेवटी डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. खालची कडी तुटलेली असताना वरच्या कडीवर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते. ड्रायव्हरच लोड झालेला नसेल तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काय होणार?

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी

पहिली, तात्पुरतं इंटरनेट. दुरुस्तीसाठी पॅकेज (बसवायच्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) उतरवावं लागतं आणि त्यासाठीच इंटरनेट नसतं, इथे नवे लोक अडकतात. लॅन केबल असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. यासाठी लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे लिनक्सला तो फोन वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो आणि काही सेकंदांत इंटरनेट मिळतं. फोन स्वतः वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून संगणकाला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

दुसरी, आज्ञा वाचायची पद्धत. या लेखात आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे अक्षरांमध्ये आडवी रेघ आहे तिथे एकेक अक्षर सलग लिहायचं आणि जिथे 'डॅश' शब्द आहे तिथे खरोखरची आडवी रेघ द्यायची. डॅशच्या आधी एक जागा सोडायची, नंतर नाही. पॅकेजांच्या नावांतली रेघ मात्र खरीच समजायची.

पायरी १: कार्ड दिसतंय का, आणि ते नेमकं कुठलं आहे

लॅपटॉपमधलं कार्ड असेल तर:

एल-एस-पी-सी-आय डॅश एन-एन-के

यूएसबीचा डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय कार्ड) असेल तर:

एल-एस-यू-एस-बी

पहिल्या आज्ञेच्या लांबलचक उत्तरात 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन गट असतात, मध्ये अपूर्णविराम. हा कार्डाचा आयडी. पहिला गट चिप बनवणाऱ्या कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. यूएसबीत रिअलटेकचा आकडा ०बीडीए असा दिसतो. दुसरा गट त्या कंपनीच्या नेमक्या चिपचा.

हा आयडी कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा शोध याच आकड्याने करायचा, खोक्यावरच्या नावाने नाही. एकाच नावाच्या डोंगलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये वेगवेगळ्या चिप असतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा त्याचा प्रसिद्ध नमुना: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. पहिलीचा ड्रायव्हर दुसरीला अजिबात लागू पडत नाही. नाव तेच, प्लास्टिक तेच, आतला ऐवज वेगळा. चुकीच्या चिपसाठी ड्रायव्हर बसवत राहण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

कार्डाच्या ओळीखाली आणखी दोन ओळी असू शकतात. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तर ड्रायव्हरने कार्ड हातात घेतलं आहे. पायरी ३ कडे जा. फक्त 'कर्नल मॉड्यूल्स' असेल तर ड्रायव्हर उपलब्ध आहे पण कार्डाशी जोडलेला नाही. दोन्ही नसतील तर तुमच्या कर्नलला हे कार्ड ओळखता येत नाही.

कार्डाची ओळच नसेल तर दोष लिनक्सच्याही खाली आहे. बायोसमध्ये वायरलेस बंद केलेलं नाही ना पाहा. त्याच मशीनवर विंडोज असेल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ही सोय विंडोज ८ पासून आहे. तिच्यामुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा कर्नल झोपवून ठेवला जातो, आणि काही कार्डं अर्धवट अवस्थेत अडकून राहतात. मग लिनक्सला ती जागी करता येत नाहीत. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. हा उपाय साधा वाटतो, पण उरलेली वीज निघून गेली की कार्ड खरोखर ताजं सुरू होतं, म्हणून तो करून पाहावाच.

यूएसबी डोंगलची आणखी एक गंमत माहीत असू द्या. काही रिअलटेक डोंगल लावल्यावर वायफाय म्हणून दिसतच नाहीत. विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेली सीडी म्हणून दिसतात. ०बीडीए:१ए२बी असा आयडी आला तर हेच झालेलं आहे. फाइल मॅनेजरमध्ये ती 'सीडी' दिसत असेल तर ती इजेक्ट करा, किंवा यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज बसवा. आयडी बदलला की समजा खरी चिप समोर आली, आणि शोध आता त्या नव्या आयडीने करायचा.

पायरी २: ड्रायव्हर

लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुधा कर्नलसोबतच येतो, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावा लागत नाही. विंडोजवरून आलेल्यांना हे आधी मनात पक्कं करावं लागतं. म्हणून 'ड्रायव्हर कुठे मिळेल' याआधी 'माझा कर्नल पुरेसा नवा आहे का' हे विचारा. कर्नलची आवृत्ती पाहायला:

यू-नेम डॅश आर

इथे 'यू-नेम' म्हणजे यू हे अक्षर आणि त्याला जोडून नेम हा इंग्रजी शब्द, मध्ये जागा नाही.

रिअलटेकच्या बऱ्याच चिप चालवणारा आर-टी-डब्ल्यू-८८ हा ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नल ५.२ पासून आला, पण त्यातला यूएसबी चिपसाठीचा आधार ६.२ पासून. वायफाय ६ च्या रिअलटेक चिपसाठीचा आर-टी-डब्ल्यू-८९ हा ५.१६ पासून. मीडियाटेकची एमटी७९२१ चिप ५.१२ पासून. लॅपटॉप नवा आणि लिनक्स जुनं असेल तर आणखी काही शोधण्याआधी कर्नल नवा करा. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत त्यासाठी एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल असतो, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स हे नव्या आवृत्त्यांचं भांडार, मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत कर्नलची यादी. नव्या आवृत्तीची लाइव्ह यूएसबी बनवून, काहीही न बसवता तिच्यावरून मशीन सुरू करून पाहिलं तर आणखी चांगलं. तिथे वायफाय चाललं, तर कार्ड ठणठणीत आहे याची खात्री पटते आणि निम्मं कोडं सुटतं.

इंटेलची कार्डं आय-डब्ल्यू-एल-वायफाय या ड्रायव्हरवर चालतात आणि क्वचितच त्रास देतात. अथेरॉसच्या जुन्या चिप ए-टी-एच-९-के वर चालतात. त्यावर चालणाऱ्या पीसीआय चिपना वेगळं फर्मवेअरही लागत नाही.

ब्रॉडकॉमकडे मात्र वेळ द्यावा लागतो. तिथे एकाच कार्डावर हक्क सांगणारे बरेच ड्रायव्हर आहेत: बी-४३, बी-आर-सी-एम-एस-मॅक, बी-आर-सी-एम-एफ-मॅक आणि कंपनीचा स्वतःचा बंदिस्त डब्ल्यू-एल. कुठला लागू पडतो हे पूर्णपणे आयडीवर ठरतं. एका वेळी एकच असावा. दोन असले की एक दुसऱ्याला कार्ड घेऊ देत नाही. उबंटू आणि मिंटमध्ये 'अतिरिक्त ड्रायव्हर' किंवा 'ड्रायव्हर मॅनेजर' हे साधन योग्य तो सुचवतं, तेच वापरा. डेबियनमध्ये ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस हे पॅकेज आहे, फेडोरासाठी आरपीएम फ्यूजन या भांडारातलं ब्रॉडकॉम-डब्ल्यूएल.

नावात डीकेएमएस असलेलं पॅकेज म्हणजे ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कर्नलसाठी तयार होणार. त्यासाठी चालू कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) बसवलेले असावे लागतात. नसतील तर ड्रायव्हर बनतच नाही, आणि हे सांगणारा संदेश शेकडो ओळींमध्ये हरवून जातो. 'कालपर्यंत चालत होतं, अपडेट केलं आणि गेलं' या तक्रारीमागेही बऱ्याचदा हेच असतं: कर्नल नवा आला, त्याचे हेडर्स आले नाहीत. मशीन सुरू होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. तिथे वायफाय चाललं तर कारण सापडलं.

दुसरा अडथळा सिक्युअर बूटचा. ते चालू असेल तर ज्याच्यावर मान्य सही नाही असा ड्रायव्हर कर्नल नाकारतो, आणि ड्रायव्हर लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश येतो. स्थिती पाहायला:

मोक-युटिल डॅश डॅश एस-बी डॅश स्टेट

यातला पहिला शब्द एम-ओ-के-यू-टी-आय-एल असा सलग लिहायचा, मग एक जागा, आणि दोन डॅशपासून शेवटपर्यंत मध्ये कुठेही जागा नाही. उबंटूमध्ये असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. घाईघाईत 'कंटिन्यू बूट' दाबू नका. 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्या. हा पडदा ठरावीक वेळेत आपोआप निघून जातो, त्यामुळे रीस्टार्ट करून चहाला उठू नका, समोरच थांबा.

गिटहबवरून कुणी केलेला ड्रायव्हर घेणं हा शेवटचा मार्ग ठेवा. काही चांगले सांभाळलेले आहेत, पण पुष्कळसे बरीच वर्षं कुणी हात न लावलेले आहेत आणि नव्या कर्नलवर बनतच नाहीत. घ्यायचाच असेल तर शेवटचा बदल कधी झाला आणि तुमचा आयडी त्याच्या यादीत आहे का, हे दोन्ही तपासा.

पायरी ३: फर्मवेअर

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत गल्लत होते. ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा कार्यक्रम असतो आणि बहुतेक कार्डांत तो प्रत्येक वेळी सुरू होताना नव्याने भरावा लागतो. त्याची फाइल नसेल तर ड्रायव्हर आहे, कार्ड आहे, पण वायफाय नाही, अशी अवस्था होते.

सुडो डी-एम-ई-एस-जी, मग उभी रेघ, मग ग्रेप डॅश आय फर्मवेअर

इथे सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ (आज्ञा प्रशासकाच्या हक्काने चालवा) आणि ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी. उत्तरात 'फेल्ड विथ एरर -२' दिसलं तर त्याचा अर्थ 'फाइल सापडली नाही' एवढाच आहे. कार्ड खराब झालेलं नाही. इथे एक बारकावा आहे. इंटेलचा ड्रायव्हर आधी सर्वांत नवी फाइल मागतो, ती नसेल तर तिच्याहून जुनी, असा खाली उतरत जातो. त्यामुळे अशा नकाराच्या चार-पाच ओळी दिसल्या आणि शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आलं, तर सगळं ठीक आहे.

उबंटू आणि आर्चमध्ये फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजमध्ये असतं. डेबियनची गोष्ट वेगळी. मुक्त नसलेलं फर्मवेअर तिथे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फार वर्षं दिलं जात नव्हतं; २०२२ मध्ये मतदानाने धोरण बदललं आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं. जुन्या डेबियनवरून वर आला असाल तर भांडारांच्या यादीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग जोडलेला आहे का ते पाहा. मग इंटेलसाठी फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकसाठी फर्मवेअर-रिअलटेक, क्वालकॉमसाठी फर्मवेअर-अथेरॉस बसवा आणि मशीन रीस्टार्ट करा.

पायरी ४: रेडिओ बंद तर नाही

आर-एफ-किल लिस्ट

'सॉफ्ट ब्लॉक्ड: यस' असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय, म्हणजे एअरप्लेन मोड वगैरे. सोडवायला:

सुडो आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय

इथे आर-एफ-किल हा के-आय-डबल-एल असा, सलग एक शब्द आहे.

'हार्ड ब्लॉक्ड: यस' असेल तर कुठलीही आज्ञा उपयोगाची नाही. लॅपटॉपच्या कडेचा सरकता स्विच शोधा, किंवा फंक्शन कीसोबत विमानाचं चिन्ह असलेली की दाबा. स्विच नाहीच, तरीही हार्ड ब्लॉक? यादी नीट वाचा. कधी कधी कार्डाची नोंद मोकळी असते आणि लॅपटॉपच्या खास कीज सांभाळणाऱ्या मॉड्यूलची नोंद अडवलेली दाखवते. जुन्या कर्नलवर काही आयडियापॅड लॅपटॉपना आयडियापॅड-लॅपटॉप या मॉड्यूलमुळे असं व्हायचं. ते मॉड्यूल मॉडप्रोब डॅश आर ने काढून पाहिलं की खरं-खोटं लगेच कळतं.

पायरी ५: नेटवर्कमॅनेजर

एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस

वायफायच्या ओळीत नाव डब्ल्यूएलपी२एस० किंवा डब्ल्यूएलएक्सने सुरू होणारं असेल. जुन्या लेखांतलं डब्ल्यूलॅन० हे नाव आंधळेपणाने टाइप करू नका, तुमच्या ओळीतलं वापरा. पुढच्या रकान्यात स्थिती दिसते. 'अनअव्हेलेबल' असेल तर रेडिओ बंद आहे किंवा खालच्या पायऱ्यांत काही राहिलंय. 'अनमॅनेज्ड' असेल तर नेटवर्कमॅनेजरला त्या कार्डाला हात लावू नको असं कुणीतरी सांगितलंय. डेबियनमध्ये ईटीसी फोल्डरच्या नेटवर्क फोल्डरातल्या इंटरफेसेस फाइलमध्ये कार्डाचं नाव लिहिलेलं असलं की असं होतं. त्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा.

'डिस्कनेक्टेड' ही चांगली बातमी आहे: कार्ड तयार आहे, कुणी जोडायची वाट पाहतंय. नेटवर्कची यादी पाहायला:

एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस वायफाय लिस्ट

शेजारच्यांची नेटवर्क दिसतात पण तुमचंच नाही? तुमचं कदाचित ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि कार्ड फक्त २.४ चं. किंवा राउटर १२ किंवा १३ व्या चॅनलवर असेल आणि लिनक्सला देश माहीत नसेल. तेव्हा लिनक्स सावध राहून सर्वत्र चालणारे नियम लावतो. आय-डब्ल्यू रेग गेट या आज्ञेत देशाच्या जागी ०० दिसलं तर हेच. राउटर १, ६ किंवा ११ वर आणणं सगळ्यांत सोपं. आज्ञेने देश बदलता येतो, पण इंटेलची नवी कार्डं स्वतःचेच नियम पाळतात, ती ऐकत नाहीत.

पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर जतन केलेलं कनेक्शन पुसून नव्याने बनवा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीवर असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ अशा मिश्र पद्धतीवर ठेवून पाहा. जुनी कार्डं इथे अडखळतात. यूएसबी डोंगल जोडणी सुरू होता होता सोडून देत असेल, तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डॉट-डी फोल्डरात एक फाइल करून 'डिव्हाइस' विभागात वायफाय-डॉट-स्कॅन-डॅश-रँड-डॅश-मॅक-डॅश-ॲड्रेस हे 'नो' करा. काही डोंगलना शोध घेताना मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) बदललेला सोसत नाही. (या नावात डॉट म्हणजे टिंब, डॅश म्हणजे रेघ, आणि तेवढीच चिन्हं द्यायची.)

आयडब्ल्यूडी आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंट हे वायफायशी जोडणी करणारे दोन कार्यक्रम एकाच वेळी चालू ठेवू नका. आर्चसारख्या ठिकाणी, जिथे सगळं हाताने बसवतात, तिथे दोघे एकाच कार्डासाठी भांडतात आणि जोडणी सतत तुटते.

जोडलं जातं, पण नीट चालत नाही

पिंग १.१.१.१ चालतं पण संकेतस्थळं उघडत नाहीत, म्हणजे वायफाय ठीक आहे आणि अडचण डीएनएसची आहे. तिथे ड्रायव्हरशी खेळू नका.

दर थोड्या वेळाने तुटत असेल किंवा वेग लहरी असेल तर पहिला संशय वीजबचतीवर घ्या. तपासण्यासाठी तात्पुरती बंद करा:

सुडो आय-डब्ल्यू डेव्ह (तुमच्या कार्डाचं नाव) सेट पॉवर-अंडरस्कोर-सेव्ह ऑफ

फरक पडला तरच कायमचं करा: नेटवर्कमॅनेजरच्या त्याच कॉन्फ-डॉट-डी फोल्डरातल्या फाइलमध्ये, 'कनेक्शन' विभागात, वायफाय-डॉट-पॉवरसेव्ह बरोबर २. इथे २ चा अर्थ बंद आणि ३ चा अर्थ चालू, हे उलटं वाटतं म्हणून लक्षात ठेवा.

डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, शेजारी बाहेरची हार्डडिस्क, आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, असं असेल तर त्या डिस्कच्या विद्युत गोंगाटातच सिग्नल बुडतो. इंटेलने २०१२ मध्येच याबद्दल तांत्रिक टिपण काढलं होतं. डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलने थोडा दूर न्या. सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास शोधण्यापेक्षा ही केबल लावून पाहणं लवकर होतं.

मदत मागताना

इतकं करूनही अडलात तर 'वायफाय चालत नाही, प्लीज हेल्प' एवढंच लिहू नका. कार्डाचा आयडी, लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, यू-नेम चं उत्तर, आर-एफ-किल ची यादी, आणि डी-एम-ई-एस-जी मधल्या कार्डासंबंधीच्या ओळी मजकूर म्हणून द्या, फोटो म्हणून नाही. त्याआधी मॅक पत्ता आणि नेटवर्कचं नाव झाकून टाका. कुठल्या पायरीपर्यंत सगळं ठीक दिसलं तेही सांगा. अशा प्रश्नाला जाणकार माणूस एका वाचनात उत्तर देऊ शकतो.

आणि कार्डच बदलायचं ठरलं तर लॅपटॉपसाठी इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० निवडा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचा निम्मा भाग इंटेलच्या विशिष्ट चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या मशीनमध्ये ती चालत नाहीत. डोंगल घ्यायचा असेल तर आधी चिपचं नाव शोधा, तिचा ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये आहे याची खात्री करा, आणि मगच पैसे द्या.